समुद्राऐवजी टेकाड

...नाही, पण समुद्राला नको म्हणणारं माणूस तुम्ही बघितलंय का कधी? मी बघितलंय! माझ्याच घरात आहे! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी पर्यटन खात्यात 'राज्यातील प्रेक्षणीय स्थळे' ही पुस्तिका लिहितोय. समुद्र लिहिला, बर्फाचे डोंगर लिहिले, वाळवंट, जंगल, सात धबधबे... आणि पाहिलं काय? खिडकीबाहेरचा सायकल स्टँड! कारण लोक फिरायला निघाले की आमच्या रजा बंद. मग लिहायचं कसं? मागची पुस्तिका समोर घ्यायची, 'निळाशार' खोडायचं नि 'निळाभोर' करायचं.

यंदा साहेबांनी चार दिवस रजा दिली. सलग! मी तिथेच ठरवून टाकलं, समुद्र. रिटायर व्हायच्या आत एकदा पाय भिजवायचे, बाकी काही मागणं नाही. पाणी खारं असतं म्हणे, मीच लिहिलंय. घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "कुठे जायचं, तू सांग." अहो, असं विचारायचं असतं, आणि समोरच्याने 'तुम्ही म्हणाल तिथे' म्हणायचं असतं! तर ही आत गेली, पुस्तिका आणली, पान एक्केचाळीस काढलं आणि बोट ठेवलं. "इथे."

पान एक्केचाळीस म्हणजे टेकाड. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं?

त्याचं असं झालं, आमच्याकडे नियम आहे, प्रत्येक जिल्ह्याला एक पान. आणि एक जिल्हा असा सपाट, की चेंडू ठेवला तर संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. साहेब चष्म्यावरून म्हणाले, "पान कोरं जाता कामा नये. काऽहीतरी टाका." काय टाकू? नऊ वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका मीटिंगला जाताना तिकडे आमची जीप बंद पडली होती, ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेला आणि मी दोन तास एका टेकाडावर बसून राहिलो. फाइल नाही, फोन लागत नाही, वारा आपला येतोय. तेच लिहून टाकलं.

"अगं, मातीचं टेकाड आहे ते! समुद्रावर मी काय लिहिलंय ते वाच की!"

"वाचलंय. समुद्र विहंगम, डोंगर विहंगम, वाळवंट विहंगम, धबधबे तर सातही विहंगम. न बघता लिहिलंय हे कुणालाही कळेल. टेकाडाला एकदाही विहंगम नाही. तेवढं एकच पान मनापासून लिहिलंय तुम्ही."

बावीस वर्षांत पहिल्यांदा हिने माझ्या लिखाणाला बरं म्हटलं हो! वर मेहुणीचा फोन आला, "ताई, टेकाड? शीऽऽ! टेकाडावर कोण जातं?" तर ही तोऱ्यात म्हणते, "तुला नाही कळायचं. यांनी लिहिलंय." आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? 'अगं, ते पान जीप बंद पडल्यामुळे आलंय' असं सांगू?

पण मीही काही कच्चा नाही. म्हटलं, टेकाड बघायला लागतात किती? दहा मिनिटं. हिचा विरस होईल, दुपारी तिथूनच समुद्राची बस जाते, तीन दिवस हातात राहतात! गुपचूप बॅगेत दोन टॉवेलसुद्धा घातले.

सात तास प्रवास. कंडक्टर म्हणाला, "टेकाड? तिथे उतरून करणार काय?" मी म्हटलं, देव भेटला! "तुम्हीच सांगा हो हिला!" तर तो म्हणतो कसा, "पुस्तक वाचून आलात होय? बसा बसा. रोज आठ-दहा जण उतरतात."

टेकाड होतं तसंच होतं. आमच्या गच्चीएवढं उंच. चढलो. ही बसली. दहा मिनिटं झाली... वीस झाली... "उठायचं का?" "थांबा हो." पाऊण तास! खाली समुद्राची बस आली, थांबली, गेली... मी नुसती धूळ बघत राहिलो. हिने चपला काढल्या, पाय लांब केले आणि म्हणाली, "किती वर्षांनी अशी नुसती बसलेय मी! उठा नाही, वाढा नाही, दार उघडा नाही. तुम्ही लिहिलंय अगदी तस्संच आहे." खोटं कशाला बोलू, तिचा चेहरा बघून बरं वाटलं मला. आणि रडूही येत होतं. आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं?

तरी धीर करून म्हटलं, "उद्या सकाळी आणखी एक बस आहे... समुद्राची..."

हिने शांतपणे पुस्तिका उघडली, पानाच्या तळाशी बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "'इथे एकदा बसलेला माणूस दुसरीकडे जायचं नाव काढत नाही.' तुमचंच वाक्य ना हे?"

माझंच हो... पान भरायला दीड ओळ कमी पडत होती. बसलो मग. चारही दिवस.