नानांना दिलेला खांदा

बाहुल्यांचा पिक्चर काढायच्या फंदात कुणी पडू नका, राव. व्हीसीडीचा जमाना व्हता. ओतूरजवळ आण्णांचं घर भाड्यानं घेऊन आमी समद्यांनी पोराबाळांसकट बघायचा, गाण्यांचा विनोदी पिक्चर काढत व्हतो. हिरो म्हणजे नाना, लाकडी बाहुला. निम्मी गाणी त्या घरात झाली आन् नाना मेल्याचा सीन आला. तिरडीला एक माणूस कमी पडला, तर घरमालक आण्णाच हौसेनं पुढं झाले.

शॉट संपला. नानांना घेऊन आत निघालो, तर आण्णा दारात आडवे.

"गेलेलं माणूस परत उंबऱ्याच्या आत येत न्हाई."

"आण्णा, लाकूड हाय ते! आन् स्टोरीत नाना तिरडीवरून उठून गाणं म्हणत घरी येत्यात."

"मी खांदा दिला तवा उठले व्हते का?"

डायरेक्टर पाया पडला, पण आण्णा हलले न्हाईत. दुसरं घर घ्यावं तर आधीची गाणी जुळेनात. पिक्चर तिथंच संपला.

दहाव्याला आण्णांचा निरोप आला, "समदे जेवायला या."

गेलो. डायरेक्टर पानावर बसून ढसाढसा रडला. आण्णा त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "लई जीव व्हता वाटतं नानांवर."