माघाररावाची डावी बाजू

नाही नाही, तिथे नका बसू. राग मानू नका, खुर्ची माझ्या बापाची नाही हे मला कळतं, पण डावीकडे नको. उजवीकडची रिकामीच आहे ना, तिथे बसा. डावीकडची हिची आहे. ही म्हणजे बायको. खिडकीपाशी कागद द्यायला गेलीय, येईलच आता... आणि नाही आली तरी त्या जागेवर कोणी बसलेलं मला चालत नाही. का, ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण आपण सगळे एकाच दाराकडे टक लावून बसलोय, आतून त्या यंत्राची ठकठक ऐकू येतेय, तेव्हा गप्प बसण्यापेक्षा बोललेलं बरं. घाबरलोय म्हणून नव्हे हं. मी घाबरत नाही, मी विचार करतो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, डॉक्टरेट केली त्यात, त्यामुळे विचार करायची खोडच लागली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा घाबरलाय.

तर झालं असं, की माझ्या सुनेने मला मारामारीत ढकललं.

अहो, खरंच. सून गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. तिथे एक मारामारीचा गेम चालला होता. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, खेळणाऱ्यांनी बटणं दाबायची, ज्याचा जीव आधी संपेल तो हरला. कथानक विचाराल तर एवढंच. त्यात एक पैलवान, त्याच्या मुठीतून आग निघते. एक भालेवाली बाई. एक अर्धा अस्वल. आता त्याला अर्धा अस्वल म्हणायचं की अर्धा माणूस, यावर मी सुनेशी बरंच बोललो, तर ती म्हणाली, "बाबा, जेवा." आणि मग जेवता जेवता माझ्याकडे बघतच राहिली. मी पाण्याचा पेला उचलला, ठेवला, त्यावर झाकण ठेवलं, ठेवलं की नाही म्हणून परत उचलून बघितलं... म्हणाली, "बाबा, आमच्या कंपनीत याल का? आम्हाला असा एक लढवय्या हवाय जो लढत नाही."

मी म्हटलं, "अगं, ही व्याख्येतच विसंगती आहे."

म्हणाली, "म्हणूनच तर तुम्हाला विचारतेय."

आता सुनेला नाही कसं म्हणावं, याचा मी विचार करेपर्यंत गाडी दारात आलीसुद्धा.

तुम्हाला सांगतो, तिथे मला अंगाला घट्ट चिकटणारा काळा पोशाख चढवला. या वयात! पोट, ढोपरं, सगळं जगजाहीर. वर त्या पोशाखावर जागोजागी बोरांएवढे चमकणारे गोळे चिकटवले. चहूबाजूंनी कॅमेरे. ते म्हणे गोळ्यांकडे बघून तुमची हालचाल टिपतात आणि गेममधला माणूस हुबेहूब तुमच्यासारखा हलतो. तोंड त्याचं, चाल तुमची. तिथला मुख्य माणूस उलटी टोपी घातलेला. मला म्हणतो, "काका, आमचा हा दोस्त तुमच्या अंगावर धावून येईल. तुम्हाला जे सुचेल ते करा. एकदम मोकळं."

समोरून रेड्यासारखा माणूस धावून येतोय, मला काय सुचणार? मी मागे गेलो. तो आला, मी आणखी मागे. तो डावीकडून, उजवीकडून, मी आपला मागे मागे मागे... "वा, काका, काय मागे जाता!" टोपीवाला म्हणाला. माझ्या प्रबंधालाही कोणी असं म्हटलं नव्हतं. तेवढ्यात चष्मा पडला, तो उचलायला मी वाकलो, तर रेड्याची मूठ डोक्यावरून सूं करून गेली. मग मी बोट वर केलं आणि म्हटलं, "थांबा, आधी माझं ऐका." आणि तो थांबला हो. पगार घेऊन मारायला आलेला माणूस, चक्क हात मागे बांधून उभा. शाळेची भीती अंगात किती खोल मुरते बघा. शेवटी टोपीवाला म्हणाला, "काका, समजा तुम्ही जिंकलात. आनंद करा बघू." मी विचारलं, "कशावरून?"

तेही टिपलं त्यांनी. सगळ्यांना वाटलं, काका घाबरलेत. मी विचार करत होतो.

तर गेम आला बाजारात. त्यात माझं नाव माघारराव. सुनेने ठेवलंय. प्रेमाने ठेवलंय असं ती म्हणते.

आणि माघारराव गाजला हो. जगभर लोक म्हणे माघाररावच घेऊन खेळतात. नुसते खेळत नाहीत, त्याच्यावर व्याख्यानं देतात, व्हिडिओ बनवतात. गुण काय, दोष काय, कोणासमोर चालतो, कोणासमोर पडतो. एका घोगऱ्या आवाजाच्या माणसाचा व्हिडिओ सुनेने आम्हाला दाखवला. मी आणि ही, दोघं सोफ्यावर. तो घोगरा सांगतोय, "मित्रांनो, माघाररावाला हलक्यात घेऊ नका. हा कोणाला मारत नाही, हा समोरच्याला दमवतो. मागे पळण्यात याचा हात धरणारा कोणी नाही. अस्वल पाठलाग करतं, धापा टाकतं, खांबावर आपटतं आणि स्वतःच मरतं. चष्मा उचलण्याची वेळ अचूक साधली, तर आगीची मूठसुद्धा वरून जाते. बोट वर केलं की समोरचा थिजतो. मात्र पुन्हा पुन्हा केलं तर समोरचा जांभई देऊन सरळ हाणतो."

ही म्हणाली, "यात नवीन काय सांगतोय हा?"

मला मात्र बरं वाटत होतं. कोणीतरी आपला इतका अभ्यास करतंय, म्हणजे... असो. पुढे दोष आले. "माघारराव पहिली फेरी जिंकला की दुसरीत त्याची ताकद निम्मी होते. कारण आपण खरंच जिंकलो का, अशी त्याला शंका येते. हनुवटीला हात लावून उभा राहतो आणि तेवढ्यात मार खातो." आता हा दोष कसा? हा प्रामाणिकपणा आहे. असं मी म्हणणारच होतो, तर तो घोगरा आवाज खाली आणून म्हणाला, "पण मित्रांनो, खरी गंमत पुढे आहे. माघाररावाला हरवायचंय? त्याच्या डावीकडे जा. डावीकडे वळताना याचा पाय उचलत नाही. घासतो. बघा, परत दाखवतो. घासला. तेवढ्यात हाणा."

परत दाखवलं त्याने. हळू करून दाखवलं. मोठं करून दाखवलं.

तुम्हाला सांगतो, मी डावा पाय हळूच सोफ्याखाली ओढला. कारण ते मला माहीत होतं.

बरेच दिवस माहीत होतं. डाव्या पायातली चप्पल निसटायची आणि मला पत्ताच नसायचा. एकदा तर रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर बघतो, तर चप्पल मागे रस्त्याच्या मधोमध, आणि मोटारी तिला वळसा घालून चालल्यात. मी चपलांना दोष दिला. नव्या घेतल्या. मग फरशीला दोष दिला. फरशी काही नवी घेता येईना, तेव्हा मी डावीकडे वळणंच सोडून दिलं. सोपं आहे हो, तर्काने बघाल तर माणसाला डावीकडे वळायची गरजच नाही. तीन वेळा उजवीकडे वळलं की आपण डावीकडेच पोचतो. सोफ्यावरून स्वयंपाकघरात जायचं तर मी जेवणाच्या टेबलाला पूर्ण प्रदक्षिणा घालायचो. ही विचारायची, "अहो, सरळ का नाही येत?" मी म्हणायचो, "तेवढाच व्यायाम."

सांगितलं का नाही? सांगतो. माझा थोरला भाऊ. दादा. दादाचंही चपलेपासूनच सुरू झालं होतं. आधी चप्पल, मग काठी, मग खाट... आणि मग ती खाट काही सुटली नाही. त्याला भरवायची वेळ माझ्यावर आली होती, घास पुढे केला की तो दुसरीकडे बघायचा. त्यामुळे मी... नाही, घाबरलो नव्हतो. विचार करत होतो. एकच विचार, पण सारखा करत होतो.

आणि आता काय, घरच्यांपासून लपवलेली गोष्ट साऱ्या दुनियेला ठाऊक. त्याच्या डावीकडे जा. रस्त्यात कोणी डाव्या बाजूने आलं की मी जागीच थांबायचो. हा खेळणाऱ्यांपैकी असला तर? मी भिंत डावीकडे धरून चालायला लागलो. जाताना ठीक होतं, पण येताना भिंत उजवीकडे यायची, म्हणून मी येताना पलीकडच्या फुटपाथवरून यायचो. तिथे एक कुत्रा बसतो. तो नेमका माझ्या डावीकडेच येतो. त्यानेही तो व्हिडिओ बघितला असेल, काय सांगावं.

मध्यंतरी त्या कंपनीत टोपीवाला म्हणाला, "ही आपलीच गडबड आहे, पाय नीट करा." काम सुनेकडे आलं. तिने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. मी त्या काळ्या पोशाखात, अंगभर गोळे, आणि डावीकडे वळताना घोट्यावरचा एक गोळा वर येतच नाही. गडबड गेममध्ये नव्हतीच. गडबड तिचा सासरा होता.

संध्याकाळी घरी आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, जरा स्वयंपाकघरात जाऊन या."

मी उठलो, टेबलाला प्रदक्षिणा घालून गेलो, आलो.

"आता डावीकडून."

मी मागे सरलो. ती पुढे आली. मी आणखी मागे सरलो, तर पाठीला कपाट. मी चष्मा पाडला. मुद्दाम पाडला, तुमच्यापासून काय लपवायचं, आणि उचलायला वाकलो. ती शांतपणे थांबून राहिली, मी वर यायची वाट बघत. मग मी बोट वर केलं. "थांब, आधी माझं ऐक." ती म्हणाली, "बाबा, बोट खाली." अहो, माझी एक चाल चालेना. चालणार कशी? सगळ्या तिनेच तर बनवल्यात.

तेव्हा मी हिच्याकडे बघितलं. म्हटलं, निदान बायको तरी आपल्या बाजूने बोलेल. ही लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मला कधीचं ठाऊक आहे. उगाच नाही मी रस्त्याने तुमच्या डाव्या बाजूला चालत."

मला वाटायचं, हिला तिकडून दुकानं बघायला आवडतात.

तर आता कळलं ना, ती खुर्ची कोणाची?

डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी तळव्यावर किल्ली ओढून बघितली, ढोपरावर टिचकी मारली, चालायला लावलं, वळायला लावलं. म्हणाले, "कमरेत नस दबली असेल तर उपाय आहे. किंवा कदाचित..." मी लगेच बोट वर केलं. ते थांबले. बोट अगदीच वाया गेलेलं नाही अजून. म्हणाले, "बरं, आधी स्कॅन बघू."

आणि गंमत ऐका. गेममधला पाय नीट करणार म्हटल्यावर खेळणाऱ्यांनी ओरडा केला. म्हणे, डावा पाय असाच ठेवा, नाहीतर माघाररावाला हरवणं अशक्य होईल, सगळा समतोल बिघडेल. टोपीवाल्याने मान्य केलं. म्हणजे माझा पाय बरा होऊ नये असं वाटणारे लोक जगात इतके आहेत, आणि त्यांची बाजूही तशी तर्काला धरून आहे, हा त्यातला त्रास.

आता इथली तऱ्हा सांगतो, मघाशी तो आतला माणूस समजावून गेला. चष्मा काढून ठेवायचा. म्हणजे पाडायला चष्मा नाही. नळकांड्यात निजायचं आणि जराही हलायचं नाही. म्हणजे मागे जायला जागा नाही. आवाज एवढा, की आपण काय बोलतो ते कोणालाच ऐकू जात नाही. म्हणजे बोट वर करूनही उपयोग नाही. हे यंत्र ज्याने बनवलं त्याने माघाररावाचा चांगलाच अभ्यास केलेला दिसतो.

ही बघा, आली ही. बैस. यांना आपली खुर्ची राखायला सांगत होतो... नाही, काही नाही, आपलं असंच बोलत होतो, हवापाण्याचं.

दार उघडलं. आलाच तो.

"आजोबा, चला, तुमचा नंबर. चष्मा इथेच द्या. नातेवाइकांनी बाहेर थांबायचं. एकटेच या. सरळ या आणि मग डावीकडे."

ऐकलंत ना तुम्ही? डावीकडे. त्यानेही बघितलाय तो व्हिडिओ.

हा घे गं चष्मा, धर. अगं, हात किती गार तुझा. घाबरलीस की काय?

काय म्हणतेस?

"छे. मी विचार करतेय."

घ्या. तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून आमच्याकडे विचार करायचं खातं माझं आणि बाकी सगळं हिचं. आता हीसुद्धा विचार करायला लागली, तर डावीकडे वळणार कोण?

आलो हो, आलो. जरा वेळ लागेल, पाय घासतो माझा.