म्हाळसाची दुरडी

(लासुर्णे, १९३६. गेणूला अग्नी देऊन दुसरा दिवस. घरात चूल बंद. भावकीच्या बायका दुरड्या घेऊन एकत्र जेवायला बसल्या आहेत. दारात गेणूची आई ठमाबाई, आत बायको सरुबाई. बाहेर म्हाळसा, गेणू कामाला होता त्या गुऱ्हाळाचे मालक मानसिंग यांची बायको.)

ठमाबाई : तितंच थांब, म्हाळसा. दुरडी आत आणू नगंस.

म्हाळसा : आत्याबाई, काल गड्याबरोबर धाडली ती चूक झाली. आज सोता आले.

ठमाबाई : कडू घास आपल्या हातानं आणत्यात. गड्यानं न्यायची ती पेंड, गोठ्यात.

म्हाळसा : चुकलं म्हणते न्हवं! बघा तरी. पिठल्याला फोडणी न्हाय, भाकरीला तूप न्हाय.

ठमाबाई : रीत समदी ठावं हाय की तुला.

म्हाळसा : मालकांनी बजावलंय, दुरडी रिकामी करूनच ये. सरूनं घास घेतला म्हंजी गावाला कळंल, दोन घरांत काय वंगाळ न्हाय.

ठमाबाई : आस्सं. म्हंजी भूक मानसिंगला लागलीया.

सरुबाई : आत्याबाई, येऊ द्या त्येनला.

म्हाळसा : सरू, माज्या हातचा येक घास घे गं. दोन दिस झालं.

सरुबाई : घेते. पयलं सांगा, पोलीस पाटलाला तुमच्या मालकांनी काय जबानी दिली?

म्हाळसा : मला बाईमाणसाला काय ठावं?

सरुबाई : ह्ये दारू पिऊन आलं, तोल गेला, चरकात हात घावला. अशी दिली.

ठमाबाई : माज्या लेकानं थेंब कधी तोंडाला लावला न्हाय!

सरुबाई : तुमी चुलवणापाशी हुता, वयनी. चरकात ऊस अडकला. बैलं थांबवली, मग ह्येंनी हात घातला. बैलं पुन्हा कुणी हाकली?

म्हाळसा : सरू...

सरुबाई : ह्या चार बायकांपुढं सांगा.

म्हाळसा : त्येनीच. रस कमी पडत हुता, काहील करपंल म्हणून घाई केली. पर त्येनला हात दिसला न्हाय गं. देवाशपथ.

सरुबाई : चावडीत सांगाल?

म्हाळसा : कसं सांगू? मालक तुरुंगात गेल्यावर तीन पोरं घिऊन कुठं जाऊ?

सरुबाई : मला दोन हायत.

ठमाबाई : ती आता दारुड्याची पोरं म्हणून वाढायची.

म्हाळसा : मग घास?

सरुबाई : न्हाय.

म्हाळसा : भरली दुरडी दिसली तर मालक मला काय करत्याल, तुला ठावं न्हाय.

सरुबाई : ठावं हाय. गुऱ्हाळावर समद्यांनी तुमची पाठ बघितलीया. मागल्या दारानं जावा. ह्या वक्ताला कालव्यावर कुणी नसतंय. पाण्यात सोडा आन् रिकामी दुरडी न्या.

म्हाळसा : आन् इचारलं, सरू जेवली का, तर?

सरुबाई : जेवली म्हणा. ह्येंच्यावर येक खोटं घातलंच हाय. माज्यावर दुसरं घाला.