टाकीआडचा फिल्टर

(घराखालची शेड, दुपार. जुन्या पिकअपची मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर उचललेली. प्लंबर गाडीखाली उताणा. त्याची मोठी बहीण वायरचा जाळीदार दिवा धरून बाहेर उकिडवी बसलेली. आई वरच्या मजल्यावर.)

प्लंबर — ...ज्यानं ही गाडी बनवली ना, त्याला एकदा इथं उताणा झोपवायला पाहिजे. इकडे पेट्रोलची टाकी, तिकडे चासी, आणि हा तुंबलेला फिल्टर दोघांच्या बेचक्यात. हात जातो तर पाना जात नाही, पाना जातो तर काही दिसत नाही.

ताई — म्हणून म्हणत होते, गॅरेजला नेऊ.

प्लंबर — नेणार कशी? गॅरेज चढावर आणि चढावरच ही मान टाकते.

ताई — काल तर भर चढावर बंद पडली. मी ब्रेकवर उभी, आणि गाडी आपली मागे मागे. शेजारी आई.

प्लंबर — आई काय म्हणाली?

ताई — म्हणाली, ‘काही विसरलीस का घरी?’

प्लंबर — हसवू नकोस, डोक्याला चासी लागते. दिवा पुढे घे. अजून. हां. आता ही क्लिप... निघाली. आता नळी. आली बघ!

ताई — आधी काही बंद करावं लागतं ना रे?

प्लंबर — याला कॉक नसतो. नळीतलं उरलंसुरलं गळतं आणि थांबतं. घरांच्या लायनीत रोज हेच करतो मी.

ताई — थांबलं का?

प्लंबर — थांबेल.

ताई — थांबलं का, विचारतेय.

प्लंबर — ताई, टाकीत किती पेट्रोल आहे?

ताई — फुल. सकाळीच भरून आणली.

प्लंबर — फुल?

ताई — मी रिकाम्या टाकीनं गाडी उभी करत नाही. तुला माहीत आहे.

प्लंबर — आणि मी वरची टाकी बघितल्याशिवाय नळ खोलत नाही. रोज बघतो. आज गाडी म्हणून नाही बघितली.

ताई — तू आधी बाहेर ये.

प्लंबर — येता येत नाही. नळीच्या तोंडावर अंगठा धरलाय. हात काढला की सगळी टाकी माझ्या अंगावर. आत्ताच शर्ट भिजलाय. काखेत आग होतेय नुसती.

ताई — जमिनीवर पण आलंय. दिव्याकडे सरकतंय.

प्लंबर — दिवा उचल. थांब! बटण दाबू नकोस, पिन ओढू नकोस. ती पिन ढिली आहे. नुसता जाळीला धरून दाराकडे ने. हळू.

ताई — नेला. दारात ठेवला. वायर इतकीच आहे.

आई (वरून) — अगं ए! नळाचं पाणी बारीक झालंय. मोटर लागेल बघ आता. तोवर चादरी भिजू देते.

प्लंबर — ताई. मोटर.

ताई — ही? कोपऱ्यातली?

प्लंबर — मीच बसवली शहाण्यानं. वरच्या टाकीतलं पाणी खाली गेलं की आपोआप लागते. लागताना स्टार्टरच्या डब्यात ठिणगी पडते.

ताई — मग मी आत्ताच बंद करते.

प्लंबर — हात लावू नकोस! बंद करतानाही पडते. इथं शेडमध्ये कशालाच हात लावू नकोस. फाटकापाशी मीटर आहे, तिथला मेन स्विच पाड. आणि आधी आईला नळ बंद करायला सांग.

ताई — आई! नळ बंद कर!

आई — अगं, साबण लावून बसलेय मी!

ताई — आई, हा गाडीखाली अडकलाय, पेट्रोल सांडलंय! मोटर लागली तर पेट घेईल! नळ बंद कर!

आई — केला. केला गं बंद. आले मी.

प्लंबर — खाली येऊ नको म्हणावं तिला.

ताई — तिला कोण अडवणार? मी मेनकडे जाते. हलू नकोस.

प्लंबर — हलतोय कुठं?

आई — धाकट्या! अरे, नुसते पायच दिसतायत तुझे.

प्लंबर — आत येऊ नकोस. दारातच थांब. नळ नीट पिळलास ना?

आई — पिळला. पण तो गळतोच. किती दिवस सांगतेय वॉशर बदल म्हणून. जगाचे नळ नीट करत फिरतोस आणि घरचा...

प्लंबर — अजून गळतोय?

आई — थेंब थेंब. बादली लावून आलेय.

प्लंबर — थेंबानंही टाकी खाली जाते, आई.

आई — असं नको रे बोलूस.

प्लंबर — मग तू बोल. काहीही बोल. अंगठा बधिर झालाय, लक्ष दुसरीकडे पाहिजे. शिव्या दे मला.

आई — गाढवा... मूर्खा... बघ, एरवी कशा तोंडात येतात. आता एक धड आठवत नाही.

ताई (फाटकातून) — दांडा खाली येत नाहीये! गंजलाय पार!

प्लंबर — दांड्याला लोंबकळ! सगळं वजन टाक!

आई — तिचं वजन ते काय! मी जाते.

प्लंबर — आई, पळू नकोस, पाय घसरेल. आई? आई, गेलीस का? ...ताई? ओढताय ना? कोणीतरी बोला गं. डब्यात काहीतरी टिकटिकतंय... नाही, थेंब पडतोय. थेंबच आहे तो. माझ्या कोपरावरून पडतोय. बोला ना कोणीतरी!

ताई — पडला! पडला मेन! दिवा गेला का बघ!

प्लंबर — गेला. अंधार झाला. ताई, गेला दिवा.

ताई — आले. आता काय देऊ?

प्लंबर — नवा फिल्टर. पण दोन हात लागतील इथं, आणि माझा एकच आत मावतोय.

ताई — सरक तिकडे. माझा हात बारीक आहे, पलीकडून जाईल.

प्लंबर — इथं सगळं ओलं आहे. तू येऊ नकोस.

ताई — आलेसुद्धा. सरक म्हटलं ना. कुठाय तुझा अंगठा?

प्लंबर — हा बघ. नळीच्या तोंडावर.

ताई — सापडला. फिल्टरवर बाण आहे ना?

प्लंबर — बाण इंजिनकडे. बोटानं चाचपून बघ, उठाव लागेल.

ताई — लागला. सांग आता.

प्लंबर — मी अंगठा काढला की तू नळी दाबून बसवायचीस. डोळे मीट, अंगावर उडेल. काढतो. आता!

ताई — गेली. पूर्ण गेली. क्लिप दे.

प्लंबर — ही घे. दुसरी बाजू मी बसवतो... बसली. हात फिरव सांध्यावरून. गळतंय?

ताई — नाही.

प्लंबर — परत फिरव.

ताई — नाही रे, कोरडं आहे. चल बाहेर. आधी तू.

प्लंबर — तू आधी.

ताई — लहान कोण आहे? निघ.

प्लंबर — निघालो. थेट उन्हात जाऊ. शर्ट काढून कुंपणावर टाकतो. हात बघ, हे बोट सरळच होत नाही.

ताई — दाखव. होईल. रडतोयस?

प्लंबर — पेट्रोल गेलंय डोळ्यात.

ताई — माझ्याही.

प्लंबर — आई कुठाय?

ताई — फाटकापाशीच आहे. आई, झालं गं! बाहेर आलाय, धड आहे! ये इकडे!

आई — दिसतोय मला.

ताई — मग सोड तो दांडा. तो काही आपणहून वर जात नाही.

आई — शेडमधला वास गेला का?

ताई — नाही अजून. जाईल हळूहळू.

आई — मग धरू दे मला.