साधनाबाईंची पेटी पुसेगावात

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय पाळक विजयकुमार साहेब. ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या सत्कारमूर्ती, साधनाबाई उजगरे. हिंगोलीच्या या मंडळीतले माझे ख्रिस्ती बंधू-भगिनी. आणि पुसेगावहून टेम्पोत कोंबून आलेली आमची भजनी मंडळी, सगळ्यांना माझा सलाम आणि रामराम.

मी संतराम गडदे. हळद लावतो आणि भजनात टाळ वाजवतो. चर्चच्या व्यासपीठावर मी आयुष्यात पहिल्यांदा उभा आहे. चपला बाहेर काढून आलो, मग बघतो तर सगळ्यांच्या पायात चपला. असो. माझं भाषण गोजरवहिनीनं दोनदा ऐकून घेतलंय आणि "लांबण लावू नका" म्हणून बजावलंय. वहिनी ती बघा, तिसऱ्या रांगेत बसून माझ्यावर डोळे वटारून राहिली.

माझ्याआधी बोलणाऱ्या ताईंनी सांगितलं, की बाईंनी इतकी वर्षं दर रविवारी इथं पियानो वाजवला. खरं आहे, मोठं काम आहे. पण मंडळी, तुम्हाला बाई रविवारच्या ठाऊक. सोमवार ते शनिवार ही बाई कुठं असते, ते आम्हाला विचारा! शाळेत जाऊन लेकरांची प्रार्थना एका सुरात आणणार, म्हाताऱ्यांना त्यांच्या लग्नातली गाणी वाजवून दाखवणार, आणि शनिवारी सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात ती छोटी पेटी मांडीवर घेऊन बसणार. कीबोर्ड म्हणतात तिला, पण आमी पेटीच म्हणतो. चादरीत गुंडाळून एसटीनं आणायच्या. एकदा गाडीत शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "बाई, लेकरू गुंडाळून चालली का? रडत कसं न्हाई?" बाई म्हणाल्या, "बोट लावलं की सुरात रडतं, आजी."

त्या व्हरांड्यातच आमची गाठ पडली. माझा थोरला भाऊ सटवाजी, हा काय पुढंच बसलाय, त्याला लकवा झाला होता. हातपाय वाचले, वाचा गेली. हा आमच्या भजनात पुढं म्हणणारा माणूस! याचा आवाज फाट्यापर्यंत जायचा. घरातही तसाच, चहाला उशीर झाला तर अख्ख्या आळीला कळायचं. त्याचं बोलणं बंद झालं तेव्हा वहिनी पहिल्या दिवशी म्हणाली, "चला, कानाला आराम." आठवडा झाला नाही तोच मोरीत तोंड लपवून रडायला लागली. खोटं सांगत नाही. माझीही तीच गत होती, फक्त मी गोठ्यात जायचो.

तर बाई जवळ आल्या, पेटी उघडली. वहिनी म्हणाली, "आमाला न्हाई घ्यायची. पेटी हाये घरी." तिला वाटलं, विकायला आल्या. बाई हसल्या, बसल्या, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "काहींचं बोलणं जातं, पण गाणं आत राहतं, असं इथल्या डॉक्टरांनीच मला सांगितलंय. होईलच असं नाही. पण बघायला काय हरकत?" आणि पुढच्या गुरुवारी बाई पुसेगावात हजर!

आता गाव म्हटलं की चार तोंडं. एकानं पारावरून विचारलंच, "ही चर्चची बाई काहून येऊन राहिली?" वहिनी तिथूनच कडाडली, "माझ्या नवऱ्याला बोलतं करायला! तुला येतंय का? ये मग." तो आजतागायत पारावर दुसऱ्या बाजूला तोंड करून बसतो. इकडं तुमच्यातही कुणीतरी पाळकसाहेबांकडं गेलं होतं म्हणे, की आपली पियानोवाली भजनात कशी? साहेबांनी उत्तर दिलं, "रविवारी त्या इथं असतात ना? बाकीचे दिवस देवाला वाटून घेऊ द्या." साहेब, त्या दिवसापासून आमच्या घरात तुमचं नाव आदरानं घेतात.

पण पहिला गुरुवार म्हणजे नुसता घोटाळा. तुमच्याकडं रीत अशी, की पियानोवर आधी एक ओळ एकटीच वाजते, मग मंडळी उभी राहून गाते. बाईंनी तसंच केलं. अभंगाची पहिली ओळ वाजवली, थांबल्या आणि आमच्याकडं मोठ्या आशेनं बघितलं. आम्हाला वाटलं, संपलं! आमी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं चहा आणला. बाईंनी चहा घेतला, पुन्हा ओळ वाजवली, पुन्हा थांबल्या. पुन्हा टाळ्या. वहिनी पुन्हा चुलीकडं. शेवटी मीच म्हणालो, "बाई, तुमची ओळ लई छान हाये, पण पुढचं कधी?" तेव्हा उलगडा झाला. मी सांगितलं, "आमच्यात म्हणणारा पुढं, पेटी मागं. त्यानं तोंड उघडल्याशिवाय पेटीनं हलायचं न्हाई."

बाईंनी दादाकडं बघितलं. म्हणाल्या, "आणि त्यांनी उघडलंच नाही तर?"

मी टाळ खाली ठेवला. म्हणालो, "मग थांबायचं."

आणि मंडळी, बाई थांबल्या. एका सुरावर बोट ठेवायचं आणि दादाकडं बघत बसायचं. या गुरुवारी, त्या गुरुवारी. उन्हाळा गेला, हळदीची लागवड झाली. तो एकच सूर ऐकून आमची म्हैस दाव्याला हिसके द्यायची. मी म्हणायचो, "बाई, कशाला तकलीफ घेता?" त्या म्हणायच्या, "चर्चमध्ये मी थांबले तर सगळे गोंधळतात. इथं थांबायचं काम मिळालंय, ते बराबर करू द्या."

मग एकदा काय झालं, बाई दमल्या होत्या. गुडघे दुखत होते. चुकून बोटं सुटली आणि इतक्या वर्षांची सवय, अभंग तुमच्या गीताच्या चालीनं भरभर पळायला लागला. दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या. मान हलायला लागली. आणि एकदम आवाज आला, अगदी सुरात, "हळूऽऽ!"

माझ्या हातातला टाळ पडला. वहिनी आतून धावत आली, रडायला लागली आणि रडता रडता म्हणते कशी, "इतक्या महिन्यांनी तोंड उघडलं, ते हिला रागवायला! माझ्याशी एक शब्द न्हाई!" बाईही रडत होत्या, पण हळू वाजवत होत्या. दादानं अख्खा अभंग म्हटला.

तेव्हापासून आमच्या घरात सगळा कारभार चालीवर. "भाजीत मीऽठ न्हाई" हे वाक्य आमी अभंगाच्या चालीवर ऐकतो, वहिनी त्याच चालीवर "घ्याऽऽ वरून" म्हणते. हळदीच्या व्यापाऱ्याला दादानं फोनवर गाऊन सांगितलं, की माल अजून वाळला नाही. तो म्हणाला, राहू द्या, भजन झाल्यावर करतो फोन. हसा, हसा, आमीही हसतो. पण चाल सोडली तर त्याच्या तोंडून शब्द निघत नाही, हेही तितकंच खरं.

आणि आता बाई नाशिकला, लेकीकडं, प्रियंकाताईकडं चालल्या. दादा परवापासून धड जेवला नाही. येताना टेम्पोभर एकच चाल, "बाईला थांबऽव." मला इथं भाषणाला नाही पाठवलं, मंडळी, थांबवायला पाठवलंय.

बाई, मी न्हाई थांबवणार. दादा, रागव माझ्यावर. तिचे गुडघे तू बघितले न्हाईत का? एसटीची पायरी चढताना ती काय करते, मी बघतो. आपल्यासाठी ती थांबली, तेवढं लई झालं. तिला लेकीकडं जाऊ दे. बाकी, बाईंकडं शिकलेल्या पोरी इथं बसल्यात, कुणाला गुरुवारी सवड असेल तर पुसेगावची गाडी डेपोतून सकाळी सुटते. चहाची हमी वहिनीची.

पाळकसाहेबांचे, मंडळीचे आभार. अडाणी माणसाच्या तोंडून काही उणं-अधिक गेलं असेल तर पोटात घाला...

थांबा. दादा उठलाय. वहिनी, हात धर त्याचा. दादा, पेटी लावू का? न्हाई म्हणतोय. काय? बाईंकडं बघून काय म्हणाला?

मंडळी, मागं ऐकू गेलं का? "या, बाई" म्हणाला. साधं. चाल न्हाई, काही न्हाई. आमच्यात निघणाऱ्याला "जा" म्हणत न्हाईत.

मी बसतो आता.