समोरच्या बाकावरचे जावई

—नाही म्हणजे नाही, देवीदास. तू कितीही डाव इचार, आमच्या वकीलसाहेबाच्या मनात काय हाय ते तुले माह्या तोंडून समजणार नाही. बस, बंगईवर बस — पण झोके घेऊ नको, कड्या कुरकुरतात आन् माहं डोकं उठते. चहा ठेवते. ठेवला काय मी? — हो, ठेवला. म्हणे माय बिमार हाय, दुर्गाबाईले पाहाचं म्हणून राह्यली! माय बिमार असती तं जानरावनं मोटार धाडली असती, तुले नसतं धाडलं. माहा भाऊ हाय तो, मले ठाऊक नाही? आन् तू त्याचा लंगोटीयार, आता मिनिस्टरसाहेबाचा कारभारी — उद्या नागपूरच्या कौन्सिलात त्याच्यावर अविश्वासाचा ठराव येऊन राह्यला, आन् आज तू माह्या ओट्यावर! कायले आला हे आंधळ्यालेही दिसते.

सारी अमरावती हासते आमाले. नवरा विरोधी पक्षाचा पुढारी, भाऊ मिनिस्टर! बाजारात माणिकबाई फुलवाली मले इचारते, "बाई, वेणी कोणाच्या नावाची देऊ — वकीलसाहेबाच्या का भावाच्या?" मी म्हटलं, शेवंतीची दे आन् गुपचूप रहा. हासू नको गा. हे आन् जानराव एकाच बैलदमणीतून मतं मागत फिरले, एका ताटात जेवले, आन् अंबादेवीच्या देवळात दोघाइनं शपथ घेतली का गोऱ्या सरकारनं देल्ली तरी मिनिस्टरी घ्याची नाही. मंग जानरावनं घेतली. म्हणे, बाहीर राहून बोंबलण्यापरीस आत जाऊन काम करतो. बरं बाप्पा, कर! याइनं त्याच दिवशी वळकटी बांधली. नागपूरले गेले, आन् त्याच्या समोरच्या बाकावर जाऊन बसले.

तुले वाटत असन याइले मजा येते. काय मजा येते? पयल्यांदा जानरावच्या विरोधात भाषण केलं तं लोकाइनं टेसनावर हार घातले. घरी आले, हार खुंटीले लावले, आन् मले इचारते — "दुर्गे, जानरावले लय लागलं असन काय वं?" मी काय सांगू? मी का तती व्हती? त्या दिवशी ताटावरून उठून गेले. — हे सारं तुले कायले सांगून राह्यली मी? जाऊ दे.

पण धारणीचं सांगते, ते तं तुलेही ठाऊक हाय. तिकडच्या पहाडातली एक कोरकू बाई बाळंतपणात अडली, छकड्यात घालून परतवाड्याच्या दवाखान्यात आणून राह्यले व्हते — रस्ता कसला, नाल्यातले गोटे — वाटंतच गेली. पोटातलं लेकरूही. याइनं ते कौन्सिलात सांगितलं. तं जानराव उभा राह्यला आन् म्हणे, "विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याले दर अधिवेशनाले एक मढं पायजे." त्याच्याकडचे सारे हासले. तूबी व्हता ना वर गॅलरीत? हासला असशीन तूबी. — नाही? बरं.

याइनं काय केलं? भांडले नाही. बाहीर पडल्यावर त्याच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणे, "चाल, तुले दाखवतो." आन् गेले गा दोघं! मिनिस्टरची मोटार सेमाडोहच्या पुढं नाल्यात फसली, तं दोघाइनं धोतरं खोचून ढकलली. त्या बाईच्या घरी गेले. तिच्या सासूनं जानरावले पाण्याचा लोटा देल्ला, आन् उभी राह्यली — एक शब्द बोलली नाही. परत आले तं चिखलानं असे भरेल, का माहा नवरा कोणता आन् भाऊ कोणता मले कळेना. अतीच, या ओट्यावर, मी दोघाइच्या पायावर पाणी घातलं. वांग्याची भाजी आन् भाकर खाल्ली, आन् हासत व्हते गा, पयल्यावाणी — एकमेकाच्या धोतराले हासत व्हते. जानराव हात धुता धुता म्हणे, "बाई, या बजेटात धारणीचा रस्ता घालतो का नाही पाह्य." मले वाटलं, मिटलं. मी त्या दिवशी अंबादेवीले नारळ फोडला.

मंग बजेट आलं. रस्ता नाही. याइनं भर सभेत इचारलं, तं जानराव खाली पाहून म्हणे, "पैशाचं खातं गोऱ्या साहेबाकडं. माह्या हातात काय हाय?" हे उठले — ओरडले नाही बरं, हलकेच म्हणाले — "हातात काही नाही, तं खुर्ची कायले?" त्या दिवशी कोणी हासलं नाही. आन् तवापासून माहा भाऊ माह्या दारात आला नाही. आता आला तं तू!

आन् तुमी लोक समजता, ठराव पडन. मोजा नं! बराबरीचं हाय, एका मताचा खेळ हाय. आन् ते मत तुमाले भेटत नाही. परतवाड्याच्या मेंबरले, चंद्रभानजीले, कितीही रावसाहेबकीच्या किताबाचं लालूच दाखवा, तो उद्या सीधा कौन्सिलातच दिसन. चांदूर रेल्वेले माह्या नणदेच्या संत्र्याच्या बगीच्यात पाहुणचार चालू हाय त्याचा, नंदोई बंदूक घेऊन फाटकावर —

चहा उतू गेला वाटते.

काय बोलली मी? काही नाही बोलली. तू आयकलं नाही. देवीदास, तू काहून उठला? चांदूरची गाडी कवा हाय हेच पाहून राह्यला नं? बस! बस म्हणते मी! माह्या नवऱ्याचा घात माह्याच जिभेनं — बस गा, तुह्या पाया पडते.

थांब. खरं सांगू? मलेबी कळत नाही मले काय पायजे. परवा हे अंगणात येरझारा घालून राह्यले व्हते, वाघावाणी. मी म्हटलं, काय झालं? म्हणे, "दुर्गे, जानराव पडला तं गव्हर्नर मलेच बलावन. मी शपथ घेतली, मी नाही म्हणीन — मंग दुसरा कोणी बसन, त्याच्याही हातात काही नाही. आन् मी बसलो, तं खाली पाहून मीबी तेच बोलीन जे जानराव बोलला. ठराव जिंकला तरी रस्ता होत नाही, हारला तरी होत नाही. मंग मी रोज उठून कायले उभा राह्यतो वं?" — अख्खा वऱ्हाड ज्याचं आयकते तो माणूस मले इचारते! मी काय म्हटलं? मी म्हटलं, ती सासू बोलली नाही नं, म्हणून तुमी बोलता. मले काय समजते, तोंडाले आलं ते बोलली. तं हे पायरीवर बसले, भाषणाचे कागद मांगवले, आन् —

अगं बाई! तुमी? कवा आले? मांगच्या दारानं? — सारं आयकलं? — मी काही सांगितलं नाही त्याले. फक्त ते चांदूरचं… हो. निंगालं तोंडून. मले मारा, पण —

काय? सोडून देल्लं? चंद्रभानजीले? तुमी खुद चांदूरले जाऊन? आन् नंदोई आयकले? — मंग तो मत कोणाले देईन? — "त्याच्या मनाले येईन त्याले." वा! म्हणजे हारलो नं आपून? — हो, ते बराबर हाय, माणूस कोंडून आणाचा आन् मंग सभेत नीतीचं बोलाचं, तं जीभ अडखळन. तुमचंच खरं. पण मंग जाता कायले? हारणार हे ठाऊक असून भाषण करता? — करणार. बरं.

आंऽ? मी? नागपूरले? गॅलरीत? — मी तती बसून काय करू हो, खाली एका बाजूले भाऊ, एका बाजूले नवरा, मी पाहू कोणाकडं? लोक तुमाले सोडून मलेच पाहतीन. — नाही, भेत नाही मी. कोण म्हणते भेते? — कोणत्या गाडीनं? आत्ताच्या? बडनेऱ्याच्या टेसनावर जायाले टांगा तरी भेटन काय?

ऊठ गा, देवीदास. जानरावले काय सांगशीन? काही नको सांगू, उद्या त्यानं मान वर केली का त्याले मी दिसनच. जाय तू आता, जाय — मले लुगडं बदलाचं हाय.