कानापासून कानापर्यंत

ताई : हा बैल पुस्तकात जाणार नाही. उचल आणि घरी ने.

भाऊ : अगं, नीट बघ तरी. पोटाखाली बाबांची सही आहे.

ताई : असणारच! बाबांच्या बैलावरून साचा काढलास, त्यात सहीही उतरली. बघ कशी बुजलीय, वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी.

भाऊ : कुणाला कळतंय?

ताई : मला कळतं. बाबा एवढे नावाजलेले शिल्पकार, त्यांचं एकेक ब्राँझ हुडकून, मोजून सूची करतेय मी, ती काय तुझा बैल घुसडायला? बाबा जाऊन वर्ष झालं नव्हतं, आणि तू आत्याकडचा बैल ‘पॉलिशला नेतो’ म्हणून उचललास. तिला बिचारीला वाटलं, भाच्याला केवढी काळजी!

भाऊ : मग काय करू? तुला लग्नात बाबांनी तुझं ब्राँझचं डोकं दिलं. मला आयुष्यभर ‘याला डोकंच नाही’ एवढंच ऐकवलं.

ताई : त्यांचं निरीक्षण चांगलं होतं.

भाऊ : बोल, बोल. पण शिंगं, शेपूट, सगळं तेच आहे की!

ताई : तेच आहे, पण लहान आहे. धातू गार होताना आकसतो. बाबांच्या प्लास्टरवरून ओतलेला बैल एकदा आकसला. त्या बैलावरून तू ओतलास, तो आणखी आकसला. शिंगांच्या टोकापासून टोकापर्यंत आत्याच्या बैलापेक्षा अर्धा सेंटिमीटर कमी भरतोय.

भाऊ : अर्ध्या सेंटिमीटरसाठी सख्ख्या भावाला बाहेर काढतेस?

ताई : बाहेर कुठे? मागे परिशिष्टात घालते, ‘ब्राँझवरून काढलेल्या प्रती’. तिथे भरपूर गर्दी आहे. करमेल तुझ्या बैलाला.

भाऊ : आणि तुझं डोकं?

ताई : पहिल्याच विभागात. ‘मुलीचं डोकं’. बाबांनी दोन ओतली. एक संग्रहालयात आहे, एक ते तुझ्या मागे कपाटावर.

भाऊ : मोजलंस?

ताई : संग्रहालयातलं मी स्वतः मोजलंय.

भाऊ : मी कपाटावरचं विचारतोय.

ताई : एकाच प्लास्टरची जोडी आहे. तीच मापं लिहिली.

भाऊ : वा! लोकांच्या दिवाणखान्यात कॅलिपर घेऊन शिरलीस, त्यांची तोंडं पाडलीस, आणि स्वतःच्या घरात आल्यावर डोळे मिटून घेतलेस. दे इकडे तो कॅलिपर.

ताई : हात लावू नकोस. तुला धरताही येत नाही. सरक, मीच मोजते.

(ती कपाटावरच्या डोक्याच्या कानांना कॅलिपर लावते. काढते. पुन्हा लावते.)

भाऊ : काय झालं?

ताई : संग्रहालयातलं माप वाच. कानापासून कानापर्यंत.

भाऊ : सोळा पॉइंट चार.

ताई : हे सोळा पॉइंट एक आहे.

भाऊ : धरताना चुकलं असेल.

ताई : मी धरताना चुकत नाही. हनुवटीही कमीच भरतेय. संग्रहालयानं माझ्या लग्नाआधी घेतलं होतं. म्हणजे एकच होतं रे. बाबांनी ते त्यांना दिलं, आणि देण्याआधी त्यावरून माझ्यापुरती प्रत काढून ठेवली. वर सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हे पहिलं, हे माझ्या लेकीचं.’ फसवलं मला.

भाऊ : पण सही बघ ना. ती कुठे बुजलीय?

ताई : परत कोरलीय. हातानं. मला कळू नये म्हणून.

भाऊ : किंवा तुझ्यासाठी म्हणून. माझ्या वाट्याला तर बुजलेलीच आली.

ताई : तू त्यांची बाजू घेऊ नकोस. शोभत नाही तुला.

भाऊ : बरं, नाही घेत. पण राहू दे ना पहिल्याच विभागात. तुझ्या घरात येऊन कोण मोजणार आहे?

ताई : मी मोजलंय. पेन घे. पहिल्या विभागातलं ते खोड. परिशिष्टात लिही, ‘मुलीचं डोकं. ब्राँझवरून काढलेली प्रत. सही शिल्पकारानं पुन्हा कोरलेली.’

भाऊ : अगं, तिथे माझा बैल आहे.

ताई : मग त्याला म्हणावं, जरा सरकून घे.